मस्कतचा कौल

परमुलखात बिऱ्हाड हलविण्यापूर्वी तो मुलूख एकदा डोळ्यांखालून घालावा, तेथील धान्याचा भाव, पाण्याची सोय आणि राज्यकर्त्याची नियत यांची नीट चौकशी करावी, आणि मगच घरचे देव हलवावेत, ही रीत आजच्या नोकरदाराने शोधून काढलेली नाही. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारी घराण्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली, आणि तिचा इतिहास ओमानच्या मस्कत बंदरात जितका सलग सापडतो तितका क्वचितच अन्यत्र सापडेल.

वास्तविक केवळ खर्चाचा हिशेब केला असता मस्कत कोणाच्याही पसंतीस उतरले नसते. काळ्याभोर, उघड्या डोंगरांच्या कुशीत अडकलेले, उन्हाळ्यात रात्रीही न निवणारे हे बंदर; आसपास पिकाऊ जमीन जवळजवळ नाही, तांदूळ आणि कापड गलबतांतून हिंदुस्थानातून यावयाचे. डेन्मार्कच्या राजाने पाठविलेल्या शोधमंडळातील प्रवासी कार्स्टेन नीबूर 1765 साली येथे उतरला, तेव्हा आयात मालावरील जकात युरोपियनांना शेकडा 5, मुसलमानांना साडेसहा आणि बनिया व यहुदी यांना 9 होती, असे त्याने नमूद केले आहे. म्हणजे सर्वांत जड जकात हिंदू व्यापाऱ्यावर. आणि तरीही त्याच नीबूरच्या मते इतके बनिये दुसऱ्या कोणत्याही मुसलमानी शहरात नव्हते. त्याने त्यांची संख्या 1200 दिली आहे.

हे कसे घडले, याचे उत्तरही त्याच वृत्तांतात आहे. आपल्या रूढींप्रमाणे वागण्याची, बायकामुले आणण्याची, घरात मूर्ती ठेवण्याची आणि मृतांना अग्नी देण्याची मोकळीक बनियांना मस्कतमध्ये होती. जो पाहणी करण्यास येई तो मालाचा भाव तर विचारीच; पण आपण येथे मेलो तर आपल्या देहाचे काय होईल, हाही प्रश्न त्याच्या मनात असे, आणि मस्कतने त्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर दिले होते. माझ्या मते त्या नऊ टक्क्यांची किंमत या अभयात चुकती होत होती.

हे अभय कोठून आले याची एक कथा ओमानी बखरकार इब्न रुझैक याने सांगितली आहे. 1507 मध्ये आल्बुकर्कने मस्कत घेतल्यापासून तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्या सरदाराने नरोत्तम नावाच्या बनियाच्या मुलीला मागणी घातली. नरोत्तमने वरकरणी रुकार दिला, किल्ल्यातील जुने पाणी व दारूगोळा बदलण्याच्या मिषाने कोठारे रिकामी करविली आणि इमाम सुलतान बिन सैफ याला गुप्तपणे निरोप धाडला. 1650 च्या प्रारंभी पोर्तुगीजांची हकालपट्टी झाली आणि नरोत्तमच्या कुटुंबाला जिझियाची माफी मिळाली. कथेवर बखरकाराचे रंग चढलेले आहेत खरे, परंतु परक्या धर्माच्या सावकाराला मुलखाचा उपकारकर्ता म्हणून बखरीत स्थान द्यावे, यातूनच त्या समाजाची तेथील पत कळून येते.

प्रत्यक्ष पाहणीचे काम पेढीच्या हातून होई. प्रथम सिंधमधील ठठ्ठ्याच्या आणि पुढे कच्छ-मांडवीच्या भाटिया पेढ्या आपल्या नात्यातील एखादा तरुण गुमास्ता म्हणून पाठवीत. तो पेढीतच राही, पेढीच्या स्वयंपाकघरात जेवी, अरबी शिके, खजुराचा हंगाम व खलाशांची उधारी समजून घेई, आणि घरची माणसे बहुधा कच्छातच राहत. वसाहत व्हावयाची ती अशा हप्त्याहप्त्याने. टिपू सुलतानाने 1785 च्या सुमारास मस्कतला आपली वखार ठेवून मीर काझिम या दारोग्यास रेशमाचे किडे व त्यांची निगा राखणारी माणसे मिळविण्याचे हुकूम धाडले, तेही एका राज्याने केलेले टेहळणीचेच काम होते.

स्वतः सय्यद सईद बिन सुलतान या ओमानच्या राज्यकर्त्यानेही हीच रीत अवलंबिली. 1828 मध्ये त्याने झांझिबार प्रथम पाहिले, तेथील गोडे पाणी आणि लवंगेला मानवणारी जमीन त्याच्या मनात भरली, आणि पुढे त्याने दरबारच तिकडे हलविला. त्याच्या मागोमाग कच्छी सावकारही गेले. जयराम शिवजी यांच्या पेढीकडे झांझिबारच्या जकातीचा इजारा होता. 1856 साली सईद वारला, 1861 च्या ब्रिटिश निवाड्याने झांझिबार व ओमान यांची फारकत झाली आणि मस्कत भिकेस लागले. पण अशा पडत्या काळात, 1870 साली, मांडवीचे रामदास ठाकरसी मस्कतला आले, आणि त्यांच्या घराण्याची पेढी आजही चालू आहे. ज्या बंदरातून इतर पाय काढीत होते तेथे पाय रोवणे ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते. अर्थात अंतर तोवर आटले होते: 1862 पासून मुंबईहून आखाताकडे आगबोटींची नियमित फेरी सुरू झाली होती आणि 1864 पासून मस्कतला हिंदी टपालकचेरी होती.

मुंबईशी हे नाते किती घट्ट होते ते आपण विसरलो आहो. सईदचे 74 तोफांचे ‘लिव्हरपूल’ जहाज 1826 साली मुंबईच्या गोदीत बांधले गेले. ओमानात उकडून वाळविलेला खजूर खारीक होऊन मुंबई बंदरात उतरे. राहुरीकडील बागांत ‘मस्कत’ जातीचे डाळिंब रुजले. आणि 1932 मध्ये गादी सोडलेला सुलतान तैमूर बिन फैसल 1965 मध्ये मुंबईतच मृत्यू पावला. मस्कतच्या बाजारात हिंदी रुपया चाले. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळा रुपया काढला, आणि 1970 मध्ये सईदी रियाल येईपर्यंत तो तेथे चालला. त्यामुळे पाहणीस आलेल्यास तेथील महागाई आपल्याच नाण्यात मोजता येई. ही सोय पुढच्या पिढीला उरली नाही.

जुलै 1970 मध्ये सुलतान काबूस गादीवर आले, तेव्हा साऱ्या देशात शाळा तीन आणि पक्की सडक सुमारे 10 किलोमीटर होती. तेलाच्या पैशाने रस्ते, रुग्णालये, शाळा उभ्या राहू लागल्या आणि मराठी अभियंते, परिचारिका, कारागीर तिकडे जाऊ लागले. त्यांची रीत मात्र गुमास्त्याचीच: आधी एकट्याने जावयाचे, चार जणांत खोली वाटून घ्यावयाची, मस्कतच्या रुवी-दारसैत भागांतील भाडी आणि मुलांच्या शाळेची फी यांचा अंदाज घ्यावयाचा, आणि मग कुटुंबाचा व्हिसा मागावयाचा. जुन्या मस्कतमधील मोतीश्वराचे शिवालय त्यांना आयतेच मिळाले. पूर्वीच्या पेढ्यांनी मिळविलेली मोकळीक त्यांच्या पदरी विनासायास पडली. काही भाटिया घराण्यांना ओमानचे नागरिकत्वही लाभले, आणि कनकसी खिमजी यांना सुलतानाने शेख ही पदवी दिली. मराठी नोकरदाराचा मुक्काम मात्र कराराच्या मुदतीपुरता असतो; म्हणून तो भाडे आणि फी यांची चौकशी करतोच, पण त्याबरोबर परतीनंतर गावाकडे घर बांधण्यास किती शिल्लक राहील, हेही पहिल्याच महिन्यात मांडून ठेवतो.