स्वस्तातलं एफ/२.८ : एका माउंटची गोष्ट

मंडळी, या शनिवारचा विषय तसा किरकोळ वाटेल. कॅमेऱ्याची लेन्स. त्यातही कॅमेरा कंपनीची नाही, 'थर्ड पार्टी'वाली. पण "ही लेन्स तिच्या निम्म्या-तिसऱ्या हिश्शात कशी काय मिळते बुवा?" असा प्रश्न घेऊन बसलं की साठ-सत्तर वर्षांचा इतिहास निघतो. आणि तो आपल्यासारख्या कोड पाडणाऱ्या लोकांना भलताच ओळखीचा वाटतो.

निमित्त झालं माझ्या मामेभावाचं. तो राहतो कोंढ्याला, म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात. उन्हाळ्यात लग्नं, आणि दिवाळीनंतर नाटकं, असं त्याचं फोटोग्राफीचं वर्ष असतं. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथली रंगभूमी अजून जोरात आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. नाटक रात्री दहाच्या आसपास सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. बहुतेक कंपन्यांचं ठाणं गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

तर हा भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, फ्लॅश मारला तं स्टेजवरचा मानूस चिडते, आन् नाही मारला तं फोटो हलते. दोन-पाचवाली लेन्स घेऊ का दोन-आठवाली?" बजेट पंचवीस हजाराच्या आत, आणि ते पैसे अख्ख्या सीझनच्या कमाईतून बाजूला काढलेले. म्हणजे चूक परवडणार नाही. दुकानात परत करून दुसरी आणू, ही चैन आपली. त्याला सर्व्हिससाठीही नागपूर गाठावं लागतं.

आधी त्याचा प्रॉब्लेम साध्या गणितात मांडू. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स असते १८-५५ मिलिमीटर, एफ/३.५ ते ५.६. म्हणजे झूम करून नटाच्या चेहऱ्यापर्यंत गेलं की लेन्सचं भोक एफ/५.६ वर येऊन बसतं. तिथे एफ/२.८ मिळालं तर प्रकाश चौपट. किट लेन्सने जो फोटो १/४० सेकंदात निघतो (आणि हलतो) तोच १/१६० मध्ये निघतो. बोलता बोलता हात उगारणारा नट १/४० ला पुसट येतो, १/१६० ला बऱ्यापैकी गोठतो. फोटो विकला जाणार की डिलीट होणार, ते या आकड्यावर ठरतं.

एकाच लेन्समध्ये ग्रुप फोटोची रुंदी, चेहऱ्याची जवळीक आणि सगळीकडे एफ/२.८, याला म्हणतात फास्ट स्टँडर्ड झूम. गंमत म्हणजे ३५ मिमी स्टिल कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेली पहिली झूम लेन्स याच जातीची होती! १९५९ सालची फोक्टलेंडर झूमर, ३६-८२ मिमी, एफ/२.८. ती डिझाइन केली होती न्यूयॉर्कमधल्या फ्रँक बॅकने, म्हणजे कॅमेरा कंपनीच्या बाहेरच्या माणसाने. थोडक्यात काय, 'बाहेरच्याची लेन्स' ही काही आजची भानगड नाही.

पण बाहेरच्याला लेन्स बनवायची तर काच घासता येऊन भागत नाही. ती कॅमेऱ्यावर बसली पाहिजे. इथे आपल्याकडचंच एक उदाहरण आठवतं. १९१३ ला फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यानंतर कोल्हापुरात आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर यांनी स्वतःच मूव्ही कॅमेरा बनवायचं मनावर घेतलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही आणि विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. या गोष्टीत आपण त्यांच्या जिद्दीचं कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण इंजिनिअरच्या नजरेने आणखी एक गोष्ट दिसते. ३५ मिमी फिल्मची रुंदी आणि कडेची भोकं यांची मापं जगभर ठरलेली होती. त्यामुळे कोल्हापुरात बनलेल्या कॅमेऱ्यात परदेशी फिल्म चालली आणि ती फिल्म कुठल्याही प्रोजेक्टरवर दाखवता आली. इंटरफेस उघडा होता, म्हणून बाहेरच्याला आत यायला जागा मिळाली.

लेन्सच्या दुनियेत नेमकं हेच नव्हतं. प्रत्येक कंपनीचा माउंट वेगळा. लेन्स-कॅमेरा जोडणारी ती धातूची कडी, तिचा व्यास, तिच्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर, सगळं ज्याचं त्याचं. एकाची लेन्स दुसऱ्याला लागत नाही आणि गिऱ्हाईक एकदा आत आला की अडकला. (ओळखीचं वाटतंय ना? :-))

यावर पहिला चांगला तोडगा काढला जपानच्या ताईसेई ऑप्टिकलने. ही १९५० साली उरावा गावात सुरू झालेली कंपनी. पुढे १९७० मध्ये तिने आपलं नाव टॅमरॉन केलं, तमुरा उह्योए या त्यांच्या ऑप्टिक्सच्या तज्ज्ञाच्या आडनावावरून. त्यांनी १९५७ मध्ये 'टी-माउंट' काढला. लेन्स एकच, तिच्या मागे ४२ मिमीचे आटे, आणि प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळी स्वस्त रिंग. आपल्या भाषेत अगदी शुद्ध ॲडाप्टर पॅटर्न. टेलिस्कोपला कॅमेरा लावणारे लोक आजही हीच रिंग वापरतात. तोटा एकच होता, रिंग फक्त लेन्स धरून ठेवायची. फोटो काढायच्या क्षणी ॲपर्चर आपोआप बंद करणं तिच्या आवाक्यात नव्हतं. मग टॅमरॉननेच पुढे ॲडाप्टॉल आणि १९७९ मध्ये ॲडाप्टॉल-२ काढून ते दांडे-खिट्ट्याही रिंगमधून पलीकडे पोचवले. दरम्यान १९६१ मध्ये मिचिहिरो यामाकी यांनी सिग्मा सुरू केली होती. तिचा कारखाना फुकुशिमा प्रांतातल्या आयझूला.

आपल्याकडे त्या काळात बहुतेक घरांत असलाच तर आग्फा क्लिक थ्री, ज्याची लेन्स बदलायचा प्रश्नच नव्हता. फॉरेनची लेन्स म्हणजे कुणी काका-मामा दुबईहून येणार तेव्हा, नाहीतर मुंबईच्या बोरा बाजारात. असो.

खिट्ट्या आणि दांड्यांचा काळ बाहेरच्यांना सोपा होता, कारण धातूचा दांडा मोजपट्टीने मोजता येतो. खरी अडचण झाली १९८७ मध्ये. कॅननने ईओएस कॅमेरे आणले आणि त्यांचा ईएफ माउंट पूर्ण इलेक्ट्रॉनिक केला. फोकसची मोटर लेन्समध्ये, ॲपर्चरची मोटरही लेन्समध्ये, आणि कॅमेरा विजेच्या ठिपक्यांतून लेन्सला हुकूम सोडणार. त्या हुकमांची भाषा कॅननने बाहेरच्यांसाठी खुली केली नाही. आता मोजपट्टी उपयोगाची नाही. तारांवरून काय जातंय ते ऐकून भाषा ओळखायची, म्हणजे निव्वळ रिव्हर्स इंजिनिअरिंग.

ते जमलंही, पण त्याची किंमत नंतर दिसली. जुन्या काही सिग्मा लेन्स नव्या ईओएस बॉडीवर लावल्या की ॲपर्चर जरा बंद करायला गेलं की कॅमेरा एरर दाखवून गप्प. जुनी बॉडी जे चालवून घेत होती ते नवी घेत नव्हती. काही मॉडेलना सिग्माने नवी चिप बसवून दिली, फार जुन्यांना चिपच उरली नव्हती. अनडॉक्युमेंटेड एपीआयवर प्रॉडक्ट बांधलेल्या कुणालाही ही कथा वेगळी सांगायला नको.

याच सुमारास फास्ट स्टँडर्ड झूम हे बातमीच्या आणि लग्नाच्या फोटोग्राफरचं मुख्य हत्यार बनत होतं. निकॉनची ३५-७० एफ/२.८ आली १९८७ मध्ये, कॅननची २८-७० एफ/२.८ एल १९९३ मध्ये आणि २४-७० एफ/२.८ एल २००२ मध्ये. उत्तम लेन्स, पण वजनाने आणि किमतीने जड. मग २००३ मध्ये टॅमरॉनने २८-७५ एफ/२.८ आणली आणि पोरांनी उड्या मारल्या. कॅननची २४-७० होती ९५० ग्रॅम. ही ५१० ग्रॅम. किंमत साधारण तिसरा हिस्सा. कुठे वाचवलं? सुरुवात २४ ऐवजी २८ पासून केली. वरचे चार मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण रुंद बाजूला एफ/२.८ देणं सगळ्यात महाग पडतं. शिवाय मोटर साधी, आवाज करणारी, बाहेरून प्लास्टिक, आणि पावसाधुळीपासून सील नाही. काचेत मात्र कसर केली नाही. म्हणून ती टिकली.

छोट्या, म्हणजे एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी तोच फॉर्म्युला लगेच आला. सिग्मा १८-५० एफ/२.८ (२००४), टॅमरॉन १७-५० एफ/२.८ (२००६), तिचीच व्हीसीवाली आवृत्ती (२००९), आणि सिग्मा १७-५० एफ/२.८ ओएस (२०१०). भावाकडे जुनी कॅनन एपीएस-सी बॉडी आहे, त्यामुळे त्याचं उत्तर याच रांगेत. आता या इतिहासातून त्याच्यासाठी काय निघतं ते बघा.

एक, रेंज. २८-७५ सेकंडहँड कितीही स्वस्त मिळाली तरी त्याच्या बॉडीवर ती साधारण ४५-१२० सारखी वागणार. मांडवात वऱ्हाडाचा ग्रुप त्यात मावणार नाही. १७-५० तिथे २७-८० होते, म्हणजे बरोबर मधली.

दोन, स्टॅबिलायझर. व्हीसी किंवा ओएस तुमचा हात हलण्यावर इलाज आहे, नट हलण्यावर नाही. नाटकाच्या फोटोला त्याचा उपयोग कमी, हातात धरून व्हिडिओ काढायला जास्त. टॅमरॉनच्या बाबतीत तर साधी आवृत्ती व्हीसीवालीपेक्षा कडक, असं वापरणाऱ्यांचं मत पडलं.

तीन, नग तपासून घेणं. या लेन्समध्ये नगानगात फरक असतो ही जुनी तक्रार. एफ/२.८ वर सपाट भिंतीचा किंवा वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो काढायचा आणि चारही कोपरे सारखे आलेत का बघायचं. फोकस ठरवलेल्या जागेच्या पुढे-मागे पडतोय का तेही. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे हा घोळ होतो; मिररलेसमध्ये मुख्य सेन्सरवरच फोकस होत असल्याने तो जवळपास संपला. आणि लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी. धानपट्ट्याचा पावसाळा लेन्सला मानवत नाही.

चार, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा, माउंट. पुढची बॉडी कुठली घेणार? कारण मिररलेसच्या काळात कुलपं पुन्हा नवीन झाली. सोनीने २०११ मध्ये ई-माउंटची मूळ माहिती बाहेरच्यांना द्यायचं जाहीर केलं. त्याचं फळ म्हणजे २०१८ ची टॅमरॉन २८-७५, ५५० ग्रॅम आणि अमेरिकेत ७९९ डॉलर, जेव्हा सोनीची स्वतःची २४-७० जीएम दोन हजार डॉलरच्या वर होती. पुढे सिग्माची १८-५० एफ/२.८ (२०२१), जेमतेम ३०० ग्रॅमची. कॅननने २०१८ मध्ये आणलेला आरएफ माउंट मात्र बंद ठेवला. २०२२ मध्ये व्हिल्ट्रॉक्सला आपल्या आरएफ ऑटोफोकस लेन्स थांबवाव्या लागल्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये कुठे सिग्मा आणि टॅमरॉनला लायसन्स मिळाल्याचं जाहीर झालं, तेही एपीएस-सी लेन्सपासून सुरुवात. त्यात ती १८-५० होती.

म्हणजे काच तीच, कारखाना तोच. एका माउंटवर ती २०२१ मध्ये मिळाली आणि दुसऱ्यावर २०२४ मध्ये. मधल्या तीन वर्षांत कॅननवाल्या पोरांनी एक तर जास्त पैसे मोजले किंवा एफ/५.६ वर काम भागवलं.

भावाला मी सांगितलं ते असं: सेकंडहँड टॅमरॉन १७-५०, साधी, बिनव्हीसीची. नागपूरला जाऊन, स्वतःची बॉडी लावून, वर्तमानपत्राचा फोटो काढून मगच पैसे द्यायचे. पुढे कॅननचीच मिररलेस घेतली तर कॅननच्या ॲडाप्टरवर ईएफ लेन्स लागतात, बाहेरच्या कंपनीच्याही बहुतेक चालतात. पण तीही स्वतः लावून बघायची. उरलेल्या पैशात सिलिका जेल आणि हवाबंद डबा. 'दोन-पाचवाली' लेन्स त्याला कुणी सांगितली होती देव जाणे.

लेन्सची किंमत ठरते काच, मोटर आणि वजनावर, हे खरंच. पण ती माउंटवरही ठरते, आणि माउंट आपण लेन्सच्या कितीतरी आधी घेऊन बसलेलो असतो, "बॉडीवर ऑफर आहे" म्हणून. तेव्हा मंडळी, पहिला कॅमेरा घ्यायला निघालात तर मेगापिक्सेल नंतर बघा. आधी बघा, तुमच्या बजेटातली एफ/२.८ झूम त्या माउंटला कोण कोण बनवतंय. एकच नाव सापडलं, तर पुढची दहा वर्षं भाव तोच ठरवणार.