कामरगावाहून व्हिएन्नाला, ११ एप्रिल १८१४

एप्रिलची दुपार आहे. वऱ्हाडातल्या कामरगावात वावरं मोकळी पडलीत, पंखा गरम हवाच फिरवतोय. पडल्या पडल्या डोळे मिटा आणि १८१४ सालात उतरा. पंखा गेला, वीज गेली. वऱ्हाडावर निजामाचा अंमल आहे. १८०३ च्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी हा मुलूख गमावला. पुण्यात दुसरा बाजीराव. इथे रेंगाळू नका, आपल्याला व्हिएन्ना गाठायचंय.

‘रोमन सम्राट’ नावाच्या हॉटेलचं सभागृह. लष्करी मदतनिधीसाठी कार्यक्रम ठेवलाय. पॅरिस पडल्याच्या बातमीने गाव खुशीत आहे. तिकडे फ्रान्समध्ये आजच्याच तारखेला नेपोलियनच्या पदत्यागाचा तह होतोय, ते मात्र इथे कुणाला ठाऊक नाही. तुम्ही मागची खुर्ची धरा.

व्हायोलिन घेऊन बसलाय तो भरल्या अंगाचा इग्नाझ शुपांझिग. योझेफ लिंकेने चेलो पायांच्या पकडीत धरलाय. आणि पियानोवर स्वतः संगीतकार बीथोवन, वय ४३. आज वाजणारी ही तीन वाद्यांची रचना त्याने १८११ च्या मार्चमध्ये लिहिली आणि आपला शिष्य व आश्रयदाता आर्चड्यूक रुडॉल्फ याला अर्पण केली. म्हणून तिला ‘आर्चड्यूक ट्रिओ’ म्हणतात.

पहिल्या भागाची सुरुवात एकट्या पियानोची, तीही हळुवार. नेमकी इथेच पंचाईत आहे. बीथोवनला ऐकू येईनासं झालंय. या रचनेच्या तालमीला हजर असलेला व्हायोलिनवादक लुई श्पोर पुढे लिहून ठेवणार आहे: जोराच्या जागी तो पट्ट्या इतक्या बडवायचा की तारा खणखणायच्या, आणि हळू जागी बोट इतकं हलकं पडायचं की सुरांचे पुंजकेच गळून जायचे. पियानोही बेसूर होता. वाजवणाऱ्याला त्याचं काही नव्हतं. आजही वादनात सफाई नाही. तरी उठून जाऊ नका.

दुसरा भाग चेलो एकटाच उघडतो, व्हायोलिन त्याला उत्तर देतं. एरवी अशा त्रिकुटांत चेलोकडे बहुतेकदा पियानोच्या डाव्या हाताला दुजोरा देण्याचंच काम असे. इथे त्याला बरोबरीचा मान आहे, आणि माझ्या मते या रचनेचं मोठेपण त्यात आहे.

मग तिसरा. भजनी मंडळात बसलेल्या कानाला हा पटकन कळेल: धृपद तेच, पण दर फेरीला भरणा दाट होत जातो, तशी एक संथ, प्रार्थनेसारखी चाल नवनव्या रूपांत येत राहते. तो संपतो न संपतो तोच, विसावा न देता चौथा भाग सुरूही होतो.

काही आठवड्यांनी बीथोवन ही रचना पुन्हा एकदा वाजवेल. त्यानंतर असं जाहीर पियानोवादन त्याने जवळपास सोडलंच. रचना छापून आली १८१६ मध्ये.

आता परत या आणि मोबाइलवर ‘आर्चड्यूक ट्रिओ’ शोधा. तिसऱ्या भागापासून सुरुवात करा आणि हेडफोन लावाच. मोबाइलच्या स्पीकरवर चेलोचे खालचे सूर नीट ऐकू येत नाहीत.