कॅशबॅक कार्ड

कॅशबॅक कार्ड : खरेदीच्या रकमेचा ठरावीक हिस्सा ग्राहकाला परत देणारे क्रेडिट कार्ड. हा हिस्सा बहुधा १ ते ५ टक्के असतो आणि पुढच्या बिलातून वजा होतो किंवा कार्डाच्या खात्यात जमा होतो. पॉइंट देणाऱ्या कार्डात एका पॉइंटचे किती पैसे होतात हे शोधत बसावे लागते. इथे थेट रुपयेच दिसतात, म्हणून हिशेब सोपा वाटतो. या नोंदीत नांदेड व लातूर भागातील वापर मुख्यतः विचारात घेतला आहे.

जुन्या व्यापारी वहीत ‘रोख कसर’ नावाचे खाते असे. गिऱ्हाईक नगदी देई, म्हणून दुकानदार चार पैसे सोडी. कॅशबॅकची तऱ्हा याच्या उलट आहे: पैसे महिन्याने देणाऱ्याला सूट मिळते. ही सूट येते दुकानदाराच्या खिशातून. कार्डावर १०० रुपयांची विक्री झाली की साधारण दोन रुपये शुल्क कापले जाते. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो आणि त्यातलाच रुपया ती ग्राहकाला परत करते. दुकानदार हा खर्च मालाच्या भावात धरतो, नाहीतर तोंडावर सांगतो, “कार्ड असंल तर दोन टक्के वर लागतील, नगदी द्या.” नांदेडच्या वजिराबादेत असो की लातूरच्या गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एखाद्यावर, हे वाक्य कानी पडले की कार्ड खिशात ठेवावे. दोन रुपये देऊन एक परत घेण्याला कॅशबॅक म्हणत नाहीत.

भारतात डायनर्स क्लबचे कार्ड १९६१ मध्ये आले. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये आपले क्रेडिट कार्ड काढले. मराठवाड्याची ओळखीची बँक मात्र १९४१ साली निजामाच्या राज्यात स्थापन झालेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद. ती १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली, तरी जुने खातेदार अजून ‘हैदराबाद बँक’च म्हणतात. पगाराची स्लिप नसलेल्या शेतकऱ्याला, आडत्याला किंवा किराणा दुकानदाराला साधे कार्ड मिळणे अवघड जाते. त्यांच्यासाठी मुदत ठेवीवर दिले जाणारे कार्ड हा सरळ मार्ग आहे. ठेवीवर व्याज चालू राहते आणि तिच्या प्रमाणात कार्डाची मर्यादा ठरते.

या भागातली खरी अडचण तारखांची आहे. कार्डाचे बिल दर महिन्याला येते; इथला पैसा सुगीला येतो. सोयाबीनचे बियाणे आणि खत जूनमध्ये घ्यायचे, माल मोंढ्यावर जायचा दसरा-दिवाळीच्या सुमारास, तूर तर त्याहून उशिरा. मधला काळ चार-पाच महिन्यांचा. बिनव्याजी मुदत मात्र फार तर ५० दिवसांची असते, तीही खरेदी कोणत्या तारखेला केली यावर अवलंबून. समजा, बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघते आणि भरण्याची शेवटची तारीख ५ आहे. १६ जूनची खरेदी १५ जुलैच्या बिलात येईल व ५ ऑगस्टपर्यंत भरता येईल; म्हणजे ५० दिवस मिळाले. तीच खरेदी १४ जूनला केली तर ५ जुलैलाच पैसे हवेत. म्हणजे २१ दिवस. मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करावी, ती यासाठी. बियाण्याचे पैसे मात्र कार्डावर सुगीपर्यंत ओढू नयेत. त्यासाठी पीककर्ज आहे. महाराष्ट्रात वेळेत परतफेड केल्यास तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने पडते.

कार्डावर व्याज किती चढते ते एकदा कागदावर मांडलेले बरे. ५ जूनला २०,००० रुपयांची खरेदी झाली. १ टक्का दराने कॅशबॅक २०० रुपये. ५ जुलैला पूर्ण रक्कम न भरता बिलावरची ‘किमान देय रक्कम’ १,००० रुपये भरली. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज धरू. ते ५ जुलैपासून नव्हे, ५ जूनपासून मोजले जाते. २०,००० वर ३० दिवसांचे सुमारे ६९० आणि उरलेल्या १९,००० वर १५ जुलैच्या बिलापर्यंत दहा दिवसांचे सुमारे २१९. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण जवळपास १,०७३ रुपये. एवढा कॅशबॅक कमवायला दरमहा २०,००० रुपयांप्रमाणे पाच महिन्यांहून जास्त खरेदी लागते. शिवाय बाकी राहिलेली असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळतच नाही; दूध घेतले तरी त्याच दिवसापासून व्याज. ‘किमान देय रक्कम’ हे शब्द दिसायला साधे आहेत, पण बिलावरचा सर्वांत महागडा आकडा तोच. बँकेच्या ॲपमध्ये ऑटो-डेबिट लावताना ‘किमान’ आणि ‘पूर्ण’ असे दोन पर्याय येतात. घाईत पहिल्यावर बोट पडू देऊ नये.

वार्षिक शुल्काचे गणित सोपे आहे. ९९९ रुपयांचे शुल्क जीएसटीसह १,१७९ होते; १ टक्का कॅशबॅकने ते भरून निघायला वर्षात १,१७,९०० रुपयांची खरेदी लागते. ठरावीक खर्चानंतर शुल्क माफ होणारी कार्डे आहेत, पण माफीसाठी खर्च वाढवणे हा वेडेपणा. वापर कमी असेल तर आजीवन मोफत कार्डच घ्यावे. एटीएममधून कार्डावर रोख काढू नये. तिथे शुल्कही लागते आणि व्याजही त्याच दिवशी सुरू होते. पेट्रोलवर बहुधा कॅशबॅक नसतो, फक्त १ टक्का अधिभार माफ होतो, तोही मर्यादेत. घरभाडे, वॉलेटमध्ये पैसे भरणे, ईएमआयवरची खरेदी, बऱ्याच कार्डांवर सोनेही, कॅशबॅकच्या यादीबाहेर. ५ टक्क्यांची जाहिरात पाहिली की दरमहा कमाल किती रुपये मिळतात ते आधी वाचावे.

लातूरच्या पालकांसाठी एक खास मुद्दा आहे. ‘लातूर पॅटर्न’ या नावाजलेल्या शिकवणीच्या पद्धतीमुळे बाहेरगावची मुले इथे शिकायला येतात आणि शिकवणीची फी ही घरातली वर्षाची सर्वांत मोठी रक्कम ठरते. ती दुसऱ्या एखाद्या ॲपमधून कार्डाने भरली, तर काही बँका १ टक्का शुल्क लावतात. संस्थेच्याच मशीनवर किंवा संकेतस्थळावर भरल्यास हे शुल्क सहसा लागत नाही. पण शिक्षणावर कॅशबॅक आहे की नाही, ते कार्डाच्या अटींत पाहून मगच कार्ड घासावे.

सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, त्यामुळे चहाच्या टपरीवरचा क्यूआरही कार्डाने चालतो. हे दुकानदाराला देण्यापुरतेच. मित्राला किंवा भावाला पैसे पाठवता येत नाहीत. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत शुल्क नाही, म्हणून बँकेलाही त्यात फारसे सुटत नाही. अनेक कार्डे यूपीआयवर कॅशबॅक कमी देतात किंवा देतच नाहीत, ते यामुळेच.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी ग्राहकाला काही आधार दिला. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही आणि ते थकलेल्या रकमेवरच लावायचे असते. न मागता कार्ड देता येत नाही. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आणि कार्ड झेपत नाही असे वाटले, तर बाकी शून्य करून अर्ज द्यावा. ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद न केल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेला ग्राहकाला द्यावे लागतात.