घरातली पोथी आणि लेकराची पाटी



आपल्या घरातले पाच वर्षांचे लेकरू हरिपाठ तोंडपाठ म्हणते. त्याला अक्षरओळख नसते, पण रोज दिवेलागणीला जे कानी पडते ते आपसूक जिभेवर येते. मग हेच लेकरू शाळेच्या पुस्तकापुढे का अडखळते? बुद्धी तीच, स्मरणही तेच. पण हरिपाठ घरात रोज होतो आणि पुस्तक घरात कोणी उघडत नाही.

ही गाठ कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओळखली होती. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तेव्हा पाटी-पुस्तकाची परंपरा मोजक्याच घरांत होती. तिथे मूल अडले तर सांगणारे कोणी असे, दिव्यापाशी बसायला जागा असे. शेतकऱ्याच्या, मजुराच्या किंवा गावकुसाबाहेरच्या मुलाला शाळा मिळाली, तरी घरी परतल्यावर पुन्हा गुरे, शेण आणि अंधारच. भाऊरावांनी जाणले, की या मुलांना शाळेइतकीच अभ्यासाच्या घराची गरज आहे. म्हणून १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवली, स्वतः राबली आणि शिकली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले. आईची माया यापरती कोणती?

गाडगेबाबाही हेच सांगत. जेवणाचे ताट विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शिकवा, असा त्यांच्या कीर्तनाचा रोख असे. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. पंढरीतली वास्तू अशी विद्येच्या कामी लागली.

आता माउली, स्वतःकडे पाहू. आषाढीची वारी आणि शाळेचे पहिले दिवस बहुधा एकाच सुमारास येतात. आपण पालखीबरोबर निघतो. मागे नवे दप्तर घेऊन लेकरू बसलेले असते. त्याच्या पुस्तकाला कव्हर कोणी घालायचे? शाळेत काय झाले, हे कोणी विचारायचे? वारी चुकवू नका. पण निघण्यापूर्वी ही जबाबदारी घरात कोणावर तरी सोपवा, आणि परतल्यावर एक नेम धरा. एकादशी जशी मोडत नाही, तसे रोज अर्धा तास लेकराशेजारी बसणे मोडू नका.

तुम्ही म्हणाल, आम्हांला कुठे वाचता येते? तरी “वाचून दाखव बाळा” एवढे तर म्हणता येते. गाडगेबाबांनाही अक्षर येत नव्हते.