आडनावाआड गेलेले गाव

परदेशी स्थायिक झालेल्या वेल्श घराण्यातील कोणी पूर्वजांचा शोध घेऊ लागला, की त्याच्या वाटेत प्रथम आडवे येते ते त्याचे आडनावच. जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स अशा मोजक्या आडनावांत त्या लहानशा देशातील फार मोठा समाज सामावलेला आहे. एकाच परगण्यात एकाच वयाचे चार जॉन जोन्स आढळले, तर त्यांतील आपला कोणता? राज्यशासनाच्या दप्तरांत हयात घालविलेल्या आम्हांस या प्रश्नाचे विशेष कुतूहल वाटते. कारण त्याचे मूळ बऱ्याच अंशी दप्तरी लेखणीतच आहे.

वेल्श माणसास पूर्वी आडनाव नव्हते. आपल्या नावानंतर ‘अप’, म्हणजे पुत्र, हा शब्द घालून तो पित्याचे नाव सांगे. प्रसंगी आजा-पणजाचेही सांगे. नाव हीच वंशावळ होती. १५३६ व १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कायदेव्यवस्थेत विलीन झाला, न्यायालयांची भाषा इंग्रजी झाली आणि कारकुनास एक कायम आडनाव हवेसे झाले. ‘अप ऱ्हिस’चा प्राइस झाला, ‘अब ओवेन’चा बोवेन झाला, जॉनचा पुत्र जोन्स ठरला. खेड्यांत मात्र जुनी रीत कोठे कोठे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. त्यामुळे बापाचे आडनाव एक आणि मुलाचे दुसरे, असेही घडे.

म्हणून जाणते संशोधक नावामागे न धावता स्थळ शोधतात. शेतवाडीचे नाव काय, प्रार्थनामंदिर कोणते, हे कळले की चार जोन्सांतून एक वेगळा काढता येतो. जन्ममृत्यूंची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून मिळते. त्यापूर्वीचा आधार चर्चच्या नोंदवह्यांचा. परंतु बहुसंख्य वेल्श कुटुंबे अधिकृत चर्चबाहेरील पंथांची होऊ लागली होती, आणि त्या पंथांच्या अनेक जुन्या वह्या पुढे सरकारने मागवून घेतल्या. त्या आज लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १८५८ पूर्वीची वेल्श मृत्युपत्रे अबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाहावयास मिळतात.

देशांतराची सर्वांत हृद्य कथा पॅटागोनियाची आहे. १८४७ च्या सरकारी शिक्षण-अहवालाने वेल्श भाषेस व लोकांच्या नीतीस दूषणे दिली. त्याच सुमारास मायकेल डी. जोन्स या धर्मोपदेशकाने अमेरिकेत गेलेले आपले बांधव इंग्रजीत विरघळताना पाहिले. जेथे वेल्श हीच घरची, शाळेची व कारभाराची भाषा राहील, अशी भूमी त्यांस हवी होती. २८ मे १८६५ रोजी ‘मिमोसा’ जहाज सुमारे दीडशे माणसे घेऊन लिव्हरपूलहून निघाले आणि २८ जुलैस अर्जेंटिनाच्या किनाऱ्यास लागले. चुबुत नदीच्या रुक्ष खोऱ्यात त्यांनी पाट काढून गहू पिकविला. आरंभीच्या उपासमारीत तेथील मूळ रहिवासी तेहुएल्चे लोकांचा त्यांस आधार झाला. १८९१ पासून तेथे वेल्श वृत्तपत्र निघू लागले.

तथापि दप्तर तेथेही आडवे आलेच. अर्जेंटिनाच्या १९६९ च्या नामविषयक कायद्याने मुलांस परकीय नावे ठेवण्यावर बंधने घातली. अशा वेळी वंशजांस उपयोगी पडली ती प्रार्थनामंदिरांच्या आवारातील वेल्श लेखांची थडगी, घरी जपलेली पत्रे आणि धर्मग्रंथाच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्मतिथी. १९९७ पासून वेल्समधून तेथे भाषाशिक्षक पाठविले जात आहेत. ज्या घरी पत्र वाचता येत नव्हते, तेथे ते वाचणारे पुन्हा तयार होत आहेत.

आपणा मराठी वसाहतवासीयांची स्थिती याच्या उलट आहे. आपल्या ‘कर’ प्रत्ययाच्या आडनावात बहुधा मूळ गाव शाबूत असते, आणि पित्याचे नाव मधोमध येते. परंतु ते गाव कोठल्या तालुक्यात, कुलदैवत कोणते, पहिला पुरुष कोणाच्या पदरी चाकरीस आला, हे किती घरांत ठाऊक आहे? मोडी कागदांची गाठोडी माळ्यावर आहेत. ती वाचणारे मात्र घरोघर उरलेले नाहीत. वेल्श वंशजांच्या अनुभवातून आम्ही एवढेच घेतो, की कागद सांभाळणे पुरेसे नाही. त्यांची भाषा आणि लिपी सांभाळली, तरच पूर्वज आपल्याशी बोलतात.