पेव, बर्फ आणि बेदाणा



एसी घ्यायला दुकानात गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "एक टनाचा पाहिजे की दीड टनाचा?" पहिल्यांदा ऐकणाऱ्या बाईला वाटतं, हा मशीनचं वजन सांगतोय. पण हा टन बर्फाचा आहे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना आजूबाजूची जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी उष्णता एक टनाचा एसी दिवसभरात खोलीतून बाहेर काढतो. हा टन अमेरिकन, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण ९०७ किलो. आता एसीत बर्फ कुठून आला? त्यामागे मोठी गोष्ट आहे, आणि ती समुद्रापलीकडून सुरू होऊन आपल्या हरिपूरच्या पेवांपर्यंत आणि तासगावच्या बेदाण्यापर्यंत येते. आज तीच सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. गारवा कुणी तयार करत नाही. एका जागेची उष्णता उचलायची आणि दुसरीकडे नेऊन टाकायची, एवढंच माणसाला जमतं. माठ हेच करतो. त्याच्या अंगातून पाणी झिरपतं, वाऱ्यानं त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून नवा माठ चांगला गार पाणी देतो आणि छिद्रं बुजलेला जुना माठ देत नाही. दवाखान्यात सुई टोचण्याआधी नर्स दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवते, तेव्हा गार लागतं ना? स्पिरिट उडून जाताना आपल्या कातडीची उष्णता नेतं. द्रवाची वाफ होते तेव्हा ती उष्णता पिते. घरातला फ्रिज, दुधाचा चिलर आणि कोल्ड स्टोरेज ही सगळी यंत्रं याच एका गोष्टीवर चालतात.

ही यंत्रं येण्याआधी ज्याच्याकडे पैसा होता तो गारव्याकडे जायचा. इंग्रजांनी १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून दुसऱ्या गावाच्या बदल्यात महाबळेश्वर घेतलं, ते उन्हाळ्याची सोय म्हणूनच. नंतर गारवाच जहाजातून येऊ लागला. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून एक जहाज कलकत्त्याला निघालं. त्यात तिथल्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला सुमारे १८० टन बर्फ होता. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, आणि तरी सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोचला. भोवती उष्णता अडवणारं साहित्य दाबून भरलं होतं म्हणून. हा धंदा चालवणारा फ्रेडरिक ट्यूडर. पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला आणि तो ठेवायला खास बर्फघर बांधलं गेलं. अर्थात तो साहेबांच्या आणि शेठजींच्या पेल्यात पडायचा, आपल्या पणजीच्या नव्हे.

बर्फ यंत्रानं करायची खटपट मात्र एका डॉक्टरनं केली, हे मला फार आवडतं. जॉन गोरी नावाचा हा डॉक्टर अमेरिकेच्या दक्षिण भागात तापाच्या रोग्यांवर उपचार करायचा. रोग्यांची खोली गार राहावी म्हणून त्यानं बर्फ बनवणारं यंत्र तयार केलं आणि १८५१ साली त्याचं पेटंट मिळवलं. त्याच्या हयातीत ते चाललं नाही. पण त्या शतकाच्या अखेरीपर्यंत बर्फाचे कारखाने उभे राहिले, आणि यंत्राची ताकद 'किती टन बर्फाएवढी' अशी मोजायची पद्धत पडली. ती आजही एसीच्या पेटीवर आहे.

आता यंत्र आत काय करतं ते बघू. अमोनिया नावाचा वायू आहे. पाणी १०० अंशाला उकळतं, पण अमोनिया उघड्या हवेत शून्याखाली ३३ अंशालाच उकळतो. म्हणजे आपल्याला जे बर्फापेक्षा गार वाटतं, तिथंही त्याला उकळी फुटते! खोलीतल्या नळ्यांत द्रव अमोनिया सोडला की तो खोलीची उष्णता पिऊन उकळतो आणि त्याची वाफ होते. खोली गार होते. पण ही वाफ पुन्हा द्रव कशी करायची? इथं कुकर आठवा. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० च्या वर, १२० अंशाच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. दाब वाढला की उकळण्याचा अंशही वर जातो. कॉम्प्रेसर वाफेला दाबतो. दाबलेली वाफ इतकी तापते की बाहेरची उन्हाळ्याची हवासुद्धा तिच्यापुढं गार ठरते. मग ती बाहेरच्या नळ्यांत आपली उष्णता टाकून देते आणि पुन्हा द्रव होते. पुढं एका बारीक तोंडातून तिला सोडलं की दाब एकदम उतरतो, द्रव गार पडतो आणि परत आत जायला तयार. हाच फेरा रात्रंदिवस चालतो. फ्रिजच्या मागची किंवा बाजूची गरम लागणारी जागा म्हणजे तुमच्या भाजीची आणि दुधाची बाहेर काढलेली उष्णता. म्हणून फ्रिज भिंतीला चिकटवू नका. उष्णतेला जायला वाटच राहिली नाही तर कॉम्प्रेसर धापा टाकत चालतो आणि वीजबिल वाढतं.

घरच्या फ्रिजमध्ये अमोनिया नसतो. त्याच्याऐवजी १९३० च्या सुमारास दुसरे, विषारी नसलेले वायू आले. पुढं कळलं की ते आकाशातल्या ओझोनच्या थराला भोकं पाडतात, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानं ते टप्प्याटप्प्यानं बंद केले. मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये मात्र तो जुना अमोनियाच अजून नेटानं काम करतोय.

आणखी एक गंमत. आज ज्याला आपण एसी म्हणतो तो विलिस कॅरियर या इंजिनिअरनं १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्यासाठी आखला. दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंग सरकायचे, त्यावर उपाय म्हणून. म्हणजे गारवा आधी मालाला मिळाला, माणसाला नंतर. आपल्या जिल्ह्यातही तेच झालं.

सांगलीची हळद आधीपासूनच नावाजलेली. कोल्ड स्टोरेज नव्हतं तेव्हा ती कुठं राहायची? हरिपूरला, जमिनीच्या पोटात. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावची माती घट्ट. तिच्यात खोल पेव खणायचं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकलं की आत ना ऊन ना वारा. जमिनीखाली उन्हाळ्यातही फारसा फरक पडत नाही, आणि कोंडलेल्या हवेत किड्याला जगता येत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचं नाही, कारण कोंडलेली हवा माणसालाही मारते. जाणती माणसं आधी हवा खेळू द्यायची. विजेचं एक युनिट न लागता चालणारं हे कोठार मला कुठल्याही यंत्राइतकंच हुशारीचं वाटतं. पण २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि त्यांचं मोठं नुकसान झालं. शिवाय पेवाला बेदाणा चालत नाही.

बेदाण्याची तऱ्हाच वेगळी. द्राक्षं शेडमध्ये जाळ्यांवर वाळवून बेदाणा होतो, आणि फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यांचा एकदमच होतो. बेदाण्याचं पेवच फुटतं म्हणा ना! उकाड्यात ठेवला की हिरवा-पिवळा रंग काळपट पडतो, कीड लागते, भाव उतरतो. चार-पाच अंशांत ठेवला की रंग टिकतो. दिवाळीला मागणी येते तोवर वाट बघता येते. तासगाव आणि सांगलीच्या परिसरात बेदाण्याची एवढी कोल्ड स्टोरेज उभी राहिली ती यासाठी. ज्याच्याकडे गार जागा आहे त्याला थांबता येतं. ज्याच्याकडे नाही त्याला व्यापारी सांगेल त्या दिवशी, सांगेल त्या भावानं विकावं लागतं. थांबलं की भाव वाढतोच असं नाही हं. भाडं चढत असतं, आणि कधी दिवाळीतही बाजार पडतो. पण थांबायचं की विकायचं हे ठरवणं तरी आपल्या हातात राहतं.

दुधाचंही असंच. कासेतून येतं तेव्हा दूध ३७-३८ अंशांचं असतं. ते जंतूंना फार मानवतं. काही तासांत चार अंशांवर आणलं तर टिकतं, नाहीतर नासतं. भिलवडीत चितळ्यांनी १९३९ मध्ये दुधाचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा गावोगावी दूध गार करायची टाकी नव्हती. लांबच्या गावातलं संध्याकाळचं दूध विरजणात जायचं किंवा त्याचं तूप व्हायचं. आता गावातच टाकी आहे, म्हणून संध्याकाळच्या धारेचेही पैसे होतात. धार आपण काढतो. पैसे कुणाच्या खात्यात जमा होतात, ते घरी जाऊन बघा.

बेदाणा निवडायला, पॅकिंगला जाणाऱ्या मैत्रिणींसाठी एक सूचना. अमोनियाचा वास नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा असतो. तो आला की ओला कपडा नाकाला लावा, वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला बाहेर पडा आणि मगच फोन करा. सामान घ्यायला परत आत जाऊ नका.

आता पावतीचं. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालते. माल गोदामात ठेवून त्यावर कमी व्याजानं पैसे उचलायचे, भाव आला की विकून फेडायचे. हळद आणि बेदाणा दोन्ही त्यात बसतात. अट एकच महत्त्वाची, माल व्यापाऱ्याचा नको, पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा हवा. आणि शेतकरी कोण, हे सातबारा सांगतो. बाग छाटणारी, द्राक्षं जाळीवर पसरणारी, बेदाणा निवडणारी बाई त्या कागदावर नसेल तर गार खोलीतल्या एकाही बॉक्सवर तिला कर्ज मिळत नाही. १९९२ साली सरकारनं लक्ष्मी मुक्ती योजना आणली. तिच्यात पतीनं अर्ज केला की पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. तीस वर्षं होऊन गेली, तरी आमच्या गटांच्या बैठकीत विचारलं की हात थोडेच वर होतात.

तर या आठवड्यात घरातली कोल्ड स्टोरेजची पावती काढा. नाव कुणाचं आहे, बॉक्स किती, वजन किती, ठेवल्याची तारीख आणि भाड्याचा दर काय, हे वाचा. सातबारा उताराही सोबत ठेवा. पुढच्या बैठकीला दोन्ही घेऊन आलात तर तलाठ्याकडे द्यायचा अर्ज तिथंच भरून देऊ. सही मात्र घरच्या धन्याची लागेल, तेवढी आधी बोलून ठेवा.