जाल-नकाशांसाठी प्रतिमा-स्वरूपे

आंतरजालावरील नकाशा पडद्यावर एकसंध दिसत असला, तरी तो बहुधा लहान लहान चौकोनी प्रतिमा जोडून तयार झालेला असतो. या प्रतिमांना टाइल्स म्हणतात. त्या कोणत्या स्वरूपात साठवल्या व पाठवल्या जातात, यावर नकाशा उमटण्याचा वेग पुष्कळसा अवलंबून असतो.

टाइल सामान्यतः २५६ × २५६ पिक्सेलची असते. शून्य पातळीवर ध्रुवांलगतचा भाग वगळता सारे जग एकाच टाइलमध्ये मावते. पुढील प्रत्येक पातळीवर ही संख्या चौपट होते आणि अठराव्या पातळीवर सुमारे ६,८७२ कोटी भरते. एका टाइलमागे वाचलेले दोन-चार किलोबाइटही त्यामुळे मोलाचे ठरतात. मंद मोबाइल जोडणीवर नकाशा सरकवणाऱ्यास हा फरक लगेच जाणवतो.

पीएनजी आणि जेपीईजी

रस्ते, सीमारेषा व नावे असलेल्या नकाशात रंग मोजके आणि कडा स्पष्ट असतात. अशा चित्रासाठी पीएनजी योग्य होय. त्यात कोणताही तपशील न गमावता संक्षेपण होते, आणि रंग २५६ किंवा त्याहून कमी असल्यास रंगतक्ता वापरून फाइल आणखी लहान करता येते. ओपनस्ट्रीटमॅपच्या प्रमाण नकाशाच्या टाइल्स पीएनजी स्वरूपातच मिळतात.

उपग्रहचित्रे व हवाई छायाचित्रे यांत मात्र शेजारचे दोन पिक्सेल क्वचितच सारखे असतात. तेथे पीएनजी फाइल अनेक पटींनी फुगते. जेपीईजी ८ × ८ पिक्सेलच्या खंडांतील डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे वगळून आकार घटवते. हीच पद्धत अक्षरांना मारक ठरते, कारण कडांभोवती डाग उमटतात. देवनागरी नावांचे तर अधिकच नुकसान होते. बारीक टंकातील ‘सांगली’चा अनुस्वार पुसट झाला, की नावच बदलते. शिवाय जेपीईजीमध्ये पारदर्शकता नसते. म्हणून खाली छायाचित्राचा जेपीईजी थर आणि वर नावांचा पारदर्शक पीएनजी थर, अशी रचना रूढ आहे.

गूगलने २०१० मध्ये आणलेल्या वेबपी स्वरूपात दोन्ही प्रकारचे संक्षेपण व पारदर्शकता आहे. २०२० मध्ये सफारी न्याहाळकानेही ते स्वीकारल्यावर त्याच्या वापरातील मोठी अडचण दूर झाली.

सर्व्हरवरील मूळ फाइल

वाचकाकडे जाणाऱ्या टाइलचीच चर्चा अधिक होते. वास्तविक विलंबाचे कारण पुष्कळदा मूळ फाइलमध्ये असते. जिओटिफ फाइल ओळींच्या पट्ट्यांत साठवलेली असल्यास लहानशा चौकोनासाठी पूर्ण रुंदीच्या पट्ट्या वाचाव्या लागतात. फाइलची अंतर्गत मांडणी चौकोनी खंडांत केली आणि तिच्यात कमी तपशिलाच्या लहान प्रती आधीच घातल्या, तर हे श्रम वाचतात. जीडीएएल या मुक्त साधनाने दोन्ही कामे होतात. जेपीईजी २००० सारखे स्वरूप साठवणुकीची जागा वाचवते. पण दर मागणीस ते उलगडण्यात संगणकाचा वेळ खर्च होतो, म्हणून वेग हवा असताना ते टाळणे बरे.

‘क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ’ या प्रकारात फाइलचा हवा तेवढाच अंश आंतरजालावरून मागवता येतो. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमने २०२३ मध्ये त्यास मानक म्हणून मान्यता दिली.